नव्वद हजार ल्युमेन, सहाशे रुपये

ऑनलाइन बाजारात टॉर्च शोधायला बसलं की पाच मिनिटांत नव्वद हजार ल्युमेनचा टॉर्च सहाशे रुपयांत समोर येतो. सोबत चार्जिंगची केबल, मनगटात अडकवायची दोरी आणि बंदूक रोखलेला कमांडो छापलेलं खोकं. मोटारीच्या हेडलाइटमधला साधा एच-४ हॅलोजन बल्ब अप्पर मारल्यावर १६५० ल्युमेन प्रकाश देतो. म्हणजे मुठीएवढ्या त्या नळीत पन्नासहून जास्त हेडलाइट कोंबलेत, असं विकणाऱ्याचं म्हणणं.

शाळेतल्या गणिताने हा दावा कोसळतो. पांढऱ्या एलईडीने एका वॅटमागे दीडशे ल्युमेन दिले तरी उत्तम म्हणायचं. नव्वद हजारांसाठी मग ६०० वॅट लागतील. आतला चांगल्यातला चांगला १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव) साडेबारा वॅट-अवर ऊर्जा साठवतो. त्याने एवढी वीज एकदम सोडली असती, तरी टॉर्च सव्वा मिनिटात विझला असता. अर्थात सेल तशी सोडत नाही. त्याआधी तोच पेटेल. एक लाख ल्युमेनचा खराखुरा टॉर्च जगात आहे, नाही असं नाही. इमॅलेंट कंपनीच्या एमएस-१८ मध्ये अठरा मोठे एलईडी आहेत, वजन दोन किलोच्या आसपास, गार ठेवायला आत चक्क पंखे, किंमत अर्ध्या लाखाच्या घरात. तोही पूर्ण उजेड मिनिटभरच धरतो आणि मग खाली उतरतो. नाकापेक्षा मोती जड, पण निदान मोती खरा.

ज्याला टॉर्चचं वेड आहे अशा माणसाला वाढदिवसाला किंवा दिवाळीला टॉर्चच द्यावा, ही कल्पना उत्तम आहे. प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये असा एखादा असतो. त्याच्या सॅकमध्ये दोन टॉर्च, खिशात एक, आणि घरी कपाटात आणखी किती हे त्याच्या बायकोला नक्की ठाऊक नसतं. पंचाईत होते ती देणाऱ्याची. त्याला टॉर्चमधलं काही कळत नसतं, आणि न कळणाऱ्याला बाजार एकच गोष्ट दाखवतो: खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा. खरं तर निवड करताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा तोच. मोबाइलमध्ये टॉर्च असतोच, मग वेगळा कशाला, असं विचारणाऱ्याने ही भेट द्यायच्या भानगडीत पडूच नये.

खोटे आकडे सोडा, खरे आकडेही फसवे असतात. २००९ साली अमेरिकेत एफएल-१ हे मानक आलं आणि टॉर्च मोजायची एक रीत ठरली. टॉर्च लावल्यावर किमान तीस सेकंदांनी प्रकाश मोजायचा, तोच खोक्यावर छापायचा. तो उतरत उतरत मूळच्या एकदशांशावर येईपर्यंतचा वेळ म्हणजे ‘रनटाइम’. या दोन वाक्यांमध्ये भली मोठी फट आहे. एखादा टॉर्च मिनिटभर हजार ल्युमेन देतो, तापतो, साडेतीनशेवर येतो आणि तीन तास रेंगाळतो. खोक्यावर ‘१००० ल्युमेन’ आणि ‘३ तास’ असं शेजारी शेजारी छापलं जातं. दोन्ही खरं, आणि वाचणाऱ्याचा समज तेवढा खोटा. त्यात माणसाचा डोळा असा की प्रकाश चौपट झाला तेव्हा कुठे त्याला दुप्पट झाल्यासारखा वाटतो. पाचशे आणि सातशे ल्युमेनमधला फरक शेजारी शेजारी धरल्याशिवाय कळतही नाही. त्या दोनशेंसाठी जास्तीचे हजार रुपये मोजणं ही उधळपट्टीच.

म्हणून निवड उलट्या टोकाकडून करावी. हा टॉर्च जास्तीत जास्त किती प्रखर होतो, यापेक्षा कमीत कमी किती मंद होतो, हे आधी विचारावं. हौशी मंडळी याला ‘मूनलाइट मोड’ म्हणतात. एका ल्युमेनच्याही खालचा हा प्रकाश स्वस्त टॉर्चमध्ये सहसा नसतोच. गडावरच्या गुहेत दहा जण झोपलेले असताना पाण्याची बाटली शोधायची, तंबूत चष्मा चाचपायचा, घरात वीज गेल्यावर तान्ह्या बाळाकडे पाहायचं, तर एवढा प्रकाश पुरे होतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो आणि एका झगझगीत झोताने ते सगळं धुऊन जातं. हे आकाशदर्शनवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शनाचं काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ लोकांना वांगणीला नेऊन रात्र रात्र तारे दाखवतं. अशा ठिकाणी कुणी पांढरा टॉर्च लावला की चारी बाजूंनी ओरडा होतो. तिथे चालतो तो मंद लाल दिवा, कारण अंधारात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. भेट घेणारा आकाशवेडा असेल तर लाल एलईडीची वेगळी सोय असलेला टॉर्च बघावा. बाकी सगळे गुण त्याच्या दृष्टीने दुय्यम.

यानंतरची कसोटी रंगाची. इथेच साधा टॉर्च आणि जातिवंत टॉर्च वेगळे पडतात.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी तयार केला. या शोधासाठी त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्याबरोबर २०१४ चं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर चढवून निचियाने १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आणला. निळा अधिक पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो, पण त्यात लाल रंगाची वानवा राहते. म्हणूनच स्वस्त टॉर्चच्या उजेडात माणसाचा हात प्रेताच्या हातासारखा दिसतो, आमटी आणि पिठलं एकाच रंगाचं होतं आणि झाडी राखाडी पडते. रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक सीआरआय. सूर्यप्रकाशाला १००, सर्वसाधारण टॉर्चला ७०च्या आसपास. गडद लाल रंगासाठी आर-९ असं वेगळं माप आहे आणि थंड निळसर एलईडीमध्ये ते शून्याच्या खालीही जातं.

सह्याद्रीत याचा संबंध नुसत्या सौंदर्याशी नाही. वाळलेल्या पानांत घोणस बसलेली असते, तपकिरीवर तपकिरी. खडकावर कुणीतरी काढलेला फिकट भगवा बाण शोधायचा असतो. पायाला लागलंय ते रक्त की चिखल, हे ठरवायचं असतं. तिथे लाल-पिवळ्या छटा शाबूत ठेवणारा उजेड कामाला येतो. निचियाचा ५१९ए हा एलईडी हौशी लोकांत लाडका आहे तो याचसाठी; सीआरआय ९०च्या वर, आणि ५००० केल्विनपासून जुन्या बल्बच्या पिवळसर २७०० केल्विनपर्यंत हव्या त्या छटेत मिळतो. याची किंमत ल्युमेनमध्ये मोजावी लागते. त्याच विजेत थंड पांढरा एलईडी बराच जास्त प्रकाश देतो. ज्याला आकडा हवा त्याने तो घ्यावा. ज्याला पाहायचं आहे त्याने ५१९ए घ्यावा, आणि या बाबतीत दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं फारसं काही नाही.

खऱ्या वेड्यांचं समाधान मात्र इथेही होत नाही. दोन हौशी भेटले की पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून ‘तुझा हिरवट मारतो, माझा गुलाबी आहे’ यावर तास घालवतात. ५१९एवरचा सिलिकॉनचा इवलासा घुमट ब्लेडने कापून छटा आणखी उबदार करणारे लोक आहेत, आणि ते पूर्ण शुद्धीवर असतात.

झोताचा आकार हा पुढचा प्रश्न, पण त्यावर फार वेळ घालवायला नको. लांबवर मारा करणारा ‘थ्रोअर’ की जवळपास पसरणारा ‘फ्लड’? एफएल-१ प्रमाणे पल्ला म्हणजे जिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, ०.२५ लक्स, उजेड उरतो ते अंतर. चाळीस हजार कँडेलाचा (हे झोताच्या तीव्रतेचं माप) टॉर्च हिशेबाने ४०० मीटर जातो, पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट. प्रत्यक्षात काही ओळखू यावं असं अंतर छापलेल्याच्या निम्म्याहून कमी असतं. समोरच्या सुळक्यावर झोत टाकून मित्रांकडून ‘वा’ घ्यायची असेल तर थ्रोअर मजेचा आहे. पायवाटेवर चालायला पसरट झोत लागतो.

पावसाळी ट्रेक करणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाचते, ती म्हणजे धुकं. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर रात्री टॉर्च लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. प्रखरता वाढवली की भिंत आणखी पांढरी. पिवळा प्रकाश धुकं कापतो ही समजूत जुनी आहे, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. फरक पडतो तो दिवा कुठे धरला यामुळे. डोळ्यालगत असलेला हेडलॅम्प धुक्यात सगळ्यात वाईट, कारण थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यात येतो. तोच दिवा कमरेपाशी खाली धरला की वाट दिसू लागते. म्हणून ट्रेकरला एकच वस्तू द्यायची तर काटकोनी टॉर्च द्यावा: डोक्याच्या पट्ट्यात अडकवला की हेडलॅम्प, काढून हातात घेतला की टॉर्च. आर्मीटेकचा विझार्ड, स्किलहंटची एच मालिका, झेब्रालाइटचे काटकोनी दिवे ही त्यातली नावाजलेली नावं.

आता सेलबद्दल, कारण बहुतेक टॉर्च मरतात ते सेलमुळे. जुन्या मराठी घरात एव्हरेडीची किंवा जीपची तीन सेलची बॅटरी खुंटीला टांगलेली असायची. ती अख्खी उघडायची. मागच्या झाकणात जादा बल्ब, स्विचची पट्टी काळवंडली की सॅण्डपेपरने घासायची, सेल पाझरून पांढरी भुकटी धरली की आतून पुसून घ्यायची. घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही ते जमायचं. अमेरिकेत अँथनी मॅग्लिका यांनी १९७९ मध्ये मॅगलाइट आणला, तोही जाड अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतला, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा आणि आटे फिरवून उघडणारा. दोन पेन्सिल सेलवरच्या मूळ मिनी मॅगलाइटचा उजेड जेमतेम पंधरा ल्युमेनच्या आसपास होता, तरी लोकांनी तो वर्षानुवर्षं कमरेला बाळगला.

आजचे बाजारू टॉर्च याच्या नेमके उलटे आहेत. सेल आत चिकटवलेला, दोन पावसाळे झाले की फुगतो किंवा दम टाकतो आणि सगळं प्रकरण कचऱ्यात जातं. महागडे टॉर्चही या पापातून सुटलेले नाहीत. काही कंपन्या स्वतःचाच खास सेल आणि स्वतःचाच चुंबकी चार्जर लादतात. चार्जर हरवला की सहा हजारांचा टॉर्च शोभेचा. हौशी माणसाला यातलं काही देऊ नये. त्याला सुटा, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या मापाचा सेल लागणारा टॉर्च द्यावा, १८६५०चा किंवा थोडा जाड २१७००चा. या दृष्टीने कॉन्व्हॉयचा एस-२ प्लस हा साधा, सडपातळ टॉर्च आदर्श म्हणावा लागेल. कस्टम ड्यूटी सोडली तर दीड-दोन हजारांच्या आसपास येतो, एलईडी आपण निवडायचा, आणि काच, रिफ्लेक्टर, स्विच, ड्रायव्हर सगळं सुटं होऊन बदलता येतं. तो खुंटीवरच्या बॅटरीचा खरा वारस आहे.

सेलच्या बाबतीतही आकड्यांची लूट आहेच. चांगल्या कंपनीच्या १८६५०ची क्षमता फार तर ३५०० मिलीअँपिअर-अवर, २१७००ची नेहमीची ५०००. ज्या १८६५०वर ९९०० छापलंय तो सेल नव्हे, थाप आहे. सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मुराता, मॉलिसेल या नावांबाहेर जाऊच नये, आणि यांचीही नक्कल होते म्हणून रस्त्यावरच्या ढिगातून उचलू नये. चांगले दोन सेल आणि प्रत्येक सेलचा हिशेब वेगळा ठेवणारा चार्जर, ही भेट आणखी एका टॉर्चपेक्षा हौशी माणसाला कित्येकदा जास्त आवडते. देणाऱ्याला मात्र ती फिकी वाटते, हे खरं.

तांत्रिक खटाटोप आवडणाऱ्यासाठी एमिसारचा डी-४ व्ही-२ आहे. तळहातावर मावतो, चार एलईडी, आत अँड्युरिल नावाची मुक्त प्रणाली. बटण दाबून धरलं की उजेड सलग चढत जातो, तीन टिचक्यांना सेलचा व्होल्टेज लुकलुकून सांगतो, चार टिचक्यांना कुलूप लागतं. बंद असताना आतले बारके दिवे सेल किती उरलाय त्याप्रमाणे रंग बदलतात. हे खेळणंच आहे, आणि हौस म्हणजे अखेर खेळणंच. पण त्याला ‘संरक्षित’ (आत सुरक्षा-सर्किट असलेला) सेल चालत नाही, जास्त करंट सोडणारा सेल लागतो. पूर्ण जोरावर तो मिनिटाच्या आत हातात धरवत नाही इतका तापतो. कुलूप न लावता खिशात ठेवला आणि बटण दबलं तर पँटला भोक पडतं. लहान मुलं असलेल्या घरात हा टॉर्च देऊ नये, घेणाऱ्याने कितीही गळ घातली तरी.

एका टॉर्चवर चार-पाच हजार घालावेत का, हा प्रश्न रास्त आहे, कारण ज्याला टॉर्चची खरी गरज आहे तो दुसराच आहे. महाराष्ट्रात शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज द्यायची म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तरी रात्री दोन वाजता उसात दारं धरायला जाणारा माणूस अजून संपलेला नाही. जुन्नरकडे त्या उसात बिबट्या असतो, बाकी सगळीकडे मण्यार आणि घोणस. त्याच्या डोक्याला असतो तो तीन-चारशे रुपयांचा, सेल चिकटवलेला, निळसर उजेडाचा दिवा. वर सांगितलेला प्रत्येक गुण त्याच्या जास्त उपयोगाचा आहे: खरा रंग, सुटा सेल, पाण्यात पडला तरी चालणारी बांधणी. आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. या गोष्टी दोन हजारांत बसतात हे हौशी लोकांनीच शोधून काढलं आहे. त्यांच्या हौसेला नाकं मुरडण्याऐवजी गावाकडच्या चुलत्याला एखादा एस-२ प्लस पाठवायला त्यांना सांगावं. ते आनंदाने पाठवतील, वर चार सेल देतील आणि वापरायचा कसा यावर फोनवर तासभर बोलतील.

हौशी लोकांचं एक मात्र चुकतं. मे अखेरीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे पाहायला गर्दी लोटते आणि कुणीतरी नवा टॉर्च तिथेच आजमावतो. नर काजवा लुकलुकून मादीला साद घालतो, मादी उत्तर देते. त्यात हजार ल्युमेनचा झोत घुसला की तो संवाद तुटतो. भेटीचं खोकं देताना हे एवढं तोंडी सांगायला हरकत नाही.

खरेदीचं म्हणाल तर आधी चौकशी करावी, गुपचूप आश्चर्याचा धक्का द्यायच्या मागे लागू नये. त्याच्याकडे कुठल्या मापाचे सेल आहेत, हे सहज बोलता बोलता काढून घ्यावं. हौशी माणूस या विषयावर नको इतकं सांगतो. दुकानात टॉर्च हाती घेता आला तर तीन गोष्टी कराव्यात: सर्वात मंद मोड लावावा, उजेडात स्वतःचा तळवा पाहावा, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून झोताकडे बघावं. कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो टॉर्च वेगाने लुकलुकतो आहे. तो नको. मोटारीच्या कप्प्यात ठेवायला देत असाल तर लिथियम-आयनचा देऊ नये. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडीतलं तापमान त्या सेलला सोसवत नाही. तिथे पेन्सिल सेलवर चालणारा बरा, पण अल्कलाइन सेल आतच विसरले की पाझरतात.

परदेशातून मागवायचा तर बरेच विक्रेते सेलशिवायच पाठवतात, कस्टममध्ये दिवस जातात. दिवाळीला द्यायचा असेल तर मागणी गणपतीतच नोंदवावी आणि सेल इथे घ्यावेत. अमेरिकेहून येणाऱ्या भाचीला आणायला सांगितला तर सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायला सांगावं. टॉर्चमध्येच सेल ठेवून आणणार असेल तर मागचं झाकण अर्धा आटा सैल करून ठेवावं, म्हणजे बहुतेक टॉर्चचं सर्किट तुटतं आणि विमानात बॅगेतल्या बॅगेत तो लागत नाही.